आधी ढिलाई शोधा, मग भाग बदला

काका, नमस्कार. आमच्याकडे २००५ सालची मारुती ८०० आहे, वडिलांनी नवी घेतलेली. ७८ हजार किलोमीटर झालेत. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला तेव्हा गाडी दारातच सीटच्या वरपर्यंत पाण्यात होती. नंतर इंजिनाचं काम केलं, वायरिंग बदललं, सीटं नवी घातली आणि गाडी चालू झाली. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती मीच चालवते. रोज शाळेत जाऊन-येऊन ४० किलोमीटर होतात आणि महिन्यातून एकदा कुंभार्ली घाटाने कराडला बहिणीकडे जाते.

गेल्या वर्षभरात तिचं काहीतरी बिनसलंय. खड्ड्यातून गेली की पुढून डाव्या बाजूने खडखड येते. ब्रेक मारला की एकच ‘टक्’ असा आवाज येतो. स्टीअरिंग जड झालंय आणि वळण घेतल्यावर पूर्वीसारखं आपोआप सरळ होत नाही, हाताने आणावं लागतं. साठ-सत्तरच्या वेगाला थरथरतं. पुढचा डावा टायर आतल्या कडेने पार गुळगुळीत झालाय. सहा महिन्यांत दोनदा अलाइनमेंट केली, तरी खातोच आहे. एका गॅरेजवाल्यांनी सांगितलं, चारही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म आणि स्टीअरिंगचा रॅक बदलावा लागेल. दुसरे म्हणाले, या गाडीवर एवढा खर्च कशाला, भंगारात द्या. नोंदणीचं नूतनीकरणही जवळ आलंय. वडिलांचा जीव या गाडीत आहे, पण मला त्यांच्या आणि माझ्या जिवाची काळजी जास्त वाटते. काय करू? आणि मला यातलं काही कळत नाही, तर गॅरेजमध्ये बोलू तरी कसं?

— एक शिक्षिका, चिपळूण

ताई, नमस्कार.

सगळ्यात आधी एक सांगतो, ते आजपासूनच पाळा. पुढची दोन्ही चाकं उचलून बॉल जॉइंट (चाकाला खालून धरणारा सांधा) आणि टाय रॉड एंड (चाकाला स्टीअरिंगशी जोडणारा सांधा) कोणीतरी हाताने तपासेपर्यंत कुंभार्ली घाट बंद. कराडला एसटीने जा. शाळेतही शक्यतो दुसऱ्या कोणाच्या गाडीने जा. बाकीची दुखणी महिनाभर थांबतील, ही दोन थांबत नाहीत.

हे मी अनुभवाने सांगतोय. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या ८०० च्या डाव्या बॉल जॉइंटचं रबर फाटलेलं मला दिसलं होतं. दिवाळीचे दिवस, गॅरेजमध्ये लोकांच्या गाड्यांची रांग, म्हणून माझी गाडी मी पुढच्या आठवड्यावर टाकली. तिसऱ्या दिवशी पेट्रोल पंपातून बाहेर पडताना स्टीअरिंग वळवलं, खालून मोठा आवाज झाला आणि गाडी डावीकडे बसली. बॉल कपातून निसटला होता आणि चाक फेंडरखाली आडवं पडलं होतं. वेग दहा-पंधराचाही नसेल. मागच्या सीटवर माझी मुलगी होती. त्याच दिवशी सकाळी आम्ही तिघं घाट उतरून आलो होतो. तेव्हापासून फाटलेलं रबर दिसलं की ती गाडी मी गॅरेजबाहेर जाऊ देत नाही, मालक कितीही घाईत असला तरी.

आता तुमच्या गाडीकडे येऊ. ८०० चं पुढचं सस्पेन्शन साधं आहे आणि हीच तिची मोठी जमेची बाजू. प्रत्येक चाकाला वरून एक स्ट्रट धरतो, म्हणजे शॉकअप आणि त्याच्यावरची स्प्रिंग. खालून लोअर आर्म धरतो, त्याच्या टोकाला बॉल जॉइंट असतो. हा आर्म बॉडीला एकाच बुशवर, म्हणजे रबराच्या कड्यावर, टांगलेला असतो, त्यामुळे तो पुढे-मागे सरकू नये म्हणून स्टॅबिलायझर बारचं टोक त्यातून आरपार घालून रबरी बुश, वायसर आणि नटाने आवळलेलं असतं. गॅरेजात या बारला बॅलन्स रॉड म्हणतात. आणि चाक वळवायला स्टीअरिंगच्या रॅकपासून, म्हणजे स्टीअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणाऱ्या दातेरी दांड्यापासून, टाय रॉड येतो. बस, एवढंच. पॉवर स्टीअरिंग नाही, त्यामुळे त्याची मोटर, पंप, पाइप असलं काही नाही.

तुमच्या पाच तक्रारींमागे एकच कारण असेल असं मला वाटत नाही, तीन वेगवेगळी असावीत. खडखड, ब्रेक मारल्यावरचा ‘टक्’ आणि डाव्या टायरची आतली कड या तिघांचा एक गट. माझा पहिला संशय डाव्या बाजूच्या बॅलन्स रॉडच्या बुशवर आणि लोअर आर्मच्या बुशवर आहे. कारण असं, की ब्रेक मारला की रस्ता चाकाला मागे ओढतो. बुशचं रबर गेलेलं असेल तर आर्म तेवढा मागे सरकतो आणि लोखंडावर लोखंड आपटतं, तो तुमचा ‘टक्’. ब्रेक सोडला की चाक परत पुढे येतं. चाक असं मागे-पुढे होताना त्याची दिशाही थोडी बदलते. मग टायर सरळ चालत नाही, घासत चालतो.

आणि म्हणूनच तुमच्या दोन्ही अलाइनमेंट वाया गेल्या. अलाइनमेंटच्या मशीनवर गाडी उभी असते. तिथे ब्रेक नाही, खड्डा नाही, चाकावर ओढ नाही, त्यामुळे आकडे बरोबर येतात. रस्त्यावर आली की सैल बुश आपली जागा सोडतो. मशीनवाल्याने आकडा लावण्याआधी चाक हलवून बघायला हवं होतं, पण तो ते क्वचितच करतो. शिवाय या गाडीत फक्त टो, म्हणजे दोन्ही चाकांची तोंडं आत-बाहेर किती आहेत एवढंच जुळवता येतं. चाकाचा आडवा कल, कॅम्बर म्हणतात तो, जुळवायची सोय कंपनीने दिलेली नाही. एकाच बाजूचा टायर एकाच कडेने जात असेल आणि सगळे बुश घट्ट निघाले, तर वाकलेला लोअर आर्म किंवा वाकलेला स्ट्रट शोधायचा. मोठ्या खड्ड्यात जोरात आदळल्याचं वडिलांना आठवतंय का, तेही विचारा.

बुशची परीक्षा तुम्ही घरीच करू शकता. सपाट अंगणात वडिलांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवा. गुडघा अजून दुखत असेल तर शेजारच्या कोणाला बसवा. पहिल्या गिअरमध्ये गाडी माणसाच्या चालीइतकी हळू पुढे घ्यायची आणि ब्रेक दाबायचा, मग रिव्हर्समध्ये तेच. तुम्ही बाजूला, चाकापासून दोन हात लांब उभं राहून डावं पुढचं चाक आणि मडगार्डची कड यांच्यातल्या फटीकडे बघा. ब्रेकच्या क्षणी चाक त्या कमानीत मागे सरकलेलं दिसलं तर बुश गेले. मग उजवं बघा. दोन्हींत फरक डोळ्याला दिसतो.

दुसरी परीक्षा टाय रॉड एंडची, आणि ही मला फार आवडते, कारण यात डोळ्यापेक्षा बोटं जास्त सांगतात. गाडी जमिनीवरच उभी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये. आत बसलेल्या माणसाने स्टीअरिंग अगदी थोडं, घड्याळात पाच मिनिटांचं अंतर असतं तेवढंच, डावीकडे-उजवीकडे भराभर हलवायचं. पूर्ण वळवायचं नाही. तुम्ही चाकाच्या मागून हात घालून टाय रॉड जिथे चाकाच्या नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाला, जोडलाय तो सांधा मुठीत धरा. बोटांचा अर्धा भाग रॉडवर, अर्धा नकलवर. चांगला सांधा असेल तर दोन्ही एकदमच हलतात आणि हाताला काही जाणवत नाही. गेलेला असेल तर आधी रॉड हलतो, मग क्षणभराने नकल, आणि मधला तो ‘टिक्’ बोटांच्या पेरांना लागतो, दुखऱ्या दातावर जीभ लागावी तसा. एकदा तो लागला की परत कुणाला विचारावं लागत नाही. मग हात आतल्या बाजूला, रॅकच्या रबरी बुटावर, म्हणजे घड्यांच्या आवरणावर, न्या. बूट हलकेच दाबून धरलं तर आतला रॅक एंड, म्हणजे रॅक आणि टाय रॉडचा सांधा, सैल आहे का तेही कळतं. बोटं स्प्रिंगच्या वेटोळ्यांत आणि चाक व बॉडीच्या मधे घालू नका, एवढं सांभाळा.

यापुढचं काम गॅरेजमध्येच होऊ द्या, कारण गाडी उचलावी लागते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी हातही घालू नये, मेकॅनिकनेही नाही. खाली जॅक स्टँड हवेत. विटा चालत नाहीत, वीट वजनाखाली अचानक फुटते. चाक हवेत आलं की मेकॅनिकला सांगा, वर आणि खाली धरून, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ वर, चाक हलवून दाखवा. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली, तर चाकाची बेअरिंग सैल. ब्रेक दाबूनही राहिली, तर बॉल जॉइंट किंवा आर्मचा बुश. या एका युक्तीने कितीतरी लोकांचे विनाकारण बदलायचे लोअर आर्म वाचलेत. बॉल जॉइंटची खात्री करायची तर चाकाखाली टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून वर उचकटायचं आणि सांध्याकडे बघायचं. वर-खाली हालचाल दिसली किंवा रबर फाटलेलं असलं, तर तो त्याच दिवशी बदला. या गाडीत बहुतेक वेळा लोअर आर्मसकटच बदलतात.

दुसरं दुखणं, जड स्टीअरिंग. इथे मला पूर आठवतो. पुरानंतर सगळेच इंजिन, वायरिंग, सीट बघतात आणि ते बरोबरच आहे, त्याशिवाय गाडी हलत नाही. पण वाशिष्ठीचं ते पाणी म्हणजे नुसतं पाणी नव्हतं, चिखल होता. रॅकचं बूट जरा जरी चिरलेलं असेल तर तो चिखल आत गेला, पाणी सुकलं, गाळ राहिला. स्ट्रटच्या डोक्यावर, बॉनेट उघडल्यावर दोन्ही बाजूंना दिसतात त्या घुमटांच्या आत, एक बेअरिंग असते. स्टीअरिंग वळवलं की अख्खा स्ट्रट तिच्यावर फिरतो. तिथलं ग्रीस धुऊन गेलं आणि गंज चढला की चाक फिरायला विरोध करतं. स्टीअरिंगच्या दांड्याच्या खाली, पायांपाशी, एक क्रॉस जॉइंट असतो, तोही असाच गंजतो. वळणातून बाहेर पडल्यावर चाकं आपोआप सरळ होतात ती स्ट्रटच्या तिरकेपणामुळे. ती ओढ तुमच्या गाडीत अजून आहे, फक्त कुठेतरी घर्षण तिच्यापेक्षा वरचढ झालंय.

ते कुठे, हे ओळखायची रीत सोपी आहे, पण वेळ लागतो म्हणून ती टाळली जाते. पुढची दोन्ही चाकं हवेत. दोन्ही टाय रॉड एंड नकलपासून सोडवायचे. आता स्टीअरिंग फिरवून बघा. अजूनही जड असेल तर दोष रॅकमध्ये किंवा दांड्याच्या जॉइंटमध्ये. एका फेऱ्यात दोनदा घट्ट-सैल, घट्ट-सैल असं लागलं तर बहुधा क्रॉस जॉइंट. स्टीअरिंग लोण्यासारखं फिरलं तर रॅक निर्दोष आहे. मग चाक हाताने डावी-उजवीकडे फिरवायचं. ते जड असेल किंवा स्प्रिंगमधून ‘टण्ण’ असा आवाज आला तर वरची बेअरिंग, नाहीतर आवळलेला बॉल जॉइंट. रॅक हा या यादीतला सगळ्यात महागडा भाग. ही परीक्षा केल्याशिवाय त्याला हात लावू देऊ नका.

आणखी एक शंका विचारून घ्या. खडखड थांबवायला मधे कुणी रॅकचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळला होता का? हा सर्रास केला जाणारा उपाय आहे आणि तो मला अजिबात मान्य नाही. रॅक मधल्या भागात जास्त झिजतो, कारण गाडी जास्त वेळ सरळच चालते. मधली ढिलाई काढण्यासाठी स्क्रू पिळला की पूर्ण वळणावर तो दाते घट्ट धरून बसतो. घाटातल्या वळणावर स्टीअरिंग अडकणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

तिसरं दुखणं, साठ-सत्तरची थरथर. हे बहुतेक वेळा चाकाच्या बॅलन्सिंगचं किंवा वाकलेल्या रिमचं असतं. झिजून एका बाजूने गुळगुळीत झालेला टायर तोल सोडतो, हे तर उघडच आहे. ब्रेक मारतानाच थरथर वाढत असेल तर ब्रेकची डिस्क बघावी लागेल. पण टायरचा विषय निघालाच आहे तर एक नक्की करा. टायरच्या कडेवर बहुधा ‘डॉट’ (DOT) अशी अक्षरं असतात, त्यांच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. ३२१६ असेल तर टायर २०१६ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. आकडे एका बाजूला नसतील तर टायरच्या दुसऱ्या बाजूला असतात. तुमची गाडी वर्षाला फारशी चाललेली नाही. अशा गाड्यांचे टायर नक्षी शिल्लक असूनही म्हातारे झालेले असतात. कडेला बारीक भेगा दिसत असतील किंवा आकडा दहा वर्षांमागचा असेल तर नक्षीकडे न बघता बदला. मी तर टायरचे पैसे आधी बाजूला काढून ठेवीन, नवे टायर मात्र सस्पेन्शनचं काम झाल्यावर घालीन.

झिजेची खूण हाताने वाचता येते. टायरवरून तळहात आतून बाहेर फिरवा, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचलं तर टो बिघडलेला. दोन्ही कडा झिजल्यात आणि मधला भाग उभा, तर हवा कमी ठेवली जातेय. मधलाच भाग गेलाय, तर हवा जास्त. टायरभर थोड्या थोड्या अंतरावर खळगे पडलेत, तर शॉकअप मेलेत किंवा बॅलन्सिंग गेलंय. हवेचा दाब गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात दिलाय तोच ठेवा, सकाळी टायर थंड असताना. पंपावरचा मुलगा मोठ्या गाड्यांच्या सवयीने भरतो तेवढी हवा या १२ इंची चाकांना नको. पण कमी हवेनेही स्टीअरिंग जड होतं, म्हणून वर सांगितलेली सगळी उस्तवार करण्याआधी हवा एकदा स्वतः बघून घ्या.

आता चार शॉकअप. गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा डोलली तर शॉकअप गेला. ही परीक्षा फक्त पार मेलेला शॉकअप पकडते, म्हणून दांड्याखालून तेल ओघळलंय का तेही बघा. नुसता दमटपणा म्हणजे गळती नव्हे. तेल ओघळून त्यावर धुळीचा जाड थर बसलेला असेल तर बदला, आणि बदलायचा तर पुढची जोडी किंवा मागची जोडी, एक एकटा कधीच नाही. मागचे दोन्ही कोरडे असतील आणि गाडी डोलत नसेल तर चारही बदलायचं कारण मला दिसत नाही. तुमच्या पत्रात मागून आवाज येतो असं कुठेच नाही. पुढचा स्ट्रट मात्र कुठल्याही कारणाने उतरवला, तर वरचं माउंट आणि बेअरिंग त्याच खेपेला नवी घाला. मजुरी तीच, भाग स्वस्त. स्प्रिंग काढायला स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो. दोरी बांधून, पहार लावून स्प्रिंग सोडवणाऱ्याकडे हे काम देऊ नका. ती दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो.

पैशाचा क्रम मी असा लावीन. बुश आणि टाय रॉड एंड हे शेकड्यांचे भाग आहेत, त्यांच्यापासून सुरुवात. मग लोअर आर्म, तोही ज्या बाजूचा गेला असेल त्याच बाजूचा चालतो. मग वरच्या बेअरिंग. तोवर खडखड आणि जडपणा, दोन्हींतलं बरंचसं गेलेलं असेल. स्ट्रट आणि रॅक हे हजारांचे भाग, ते परीक्षेत नापास झाले तरच. हे सगळं झाल्यावर टायर, बॅलन्सिंग आणि अगदी शेवटी अलाइनमेंट. ढिलाई असताना केलेली अलाइनमेंट म्हणजे हलत्या पाटावर काढलेली रांगोळी.

काम चालू असताना तिथे उभ्या राहणार असाल तर दोन-तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. लोअर आर्मच्या बुशचा बोल्ट गाडी हवेत असताना नुसता हाताने लावायचा आणि गाडी चाकांवर उतरवल्यावर, तिचं वजन बसल्यावर, पूर्ण आवळायचा. हवेत लटकत असताना आवळला तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि नेहमीसाठी पिळलेलंच राहतं. असा नवा बुश काही महिन्यांत चिरतो आणि मग दोष जातो भागाच्या कंपनीवर. चांगले अनुभवी मेकॅनिकही इथे चुकतात. टाय रॉड एंडच्या नटातली स्प्लिट पिन जुनीच सरळ करून परत घालू देऊ नका, नवी घाला, ती पाच-दहा रुपयांचीही नसते. जुना एंड काढताना आटे मोजून नवा तितक्याच आट्यांवर बसवला की गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सरळ जाते. आणि तिथे टो जुळवताना दोन्ही बाजूंचे रॉड सारखेच फिरवायला सांगा, नाहीतर गाडी सरळ जाईल पण स्टीअरिंग वाकडं दिसेल.

धुण्याच्या सेंटरवर ‘खालून डिझेल मारून देऊ का’ असं विचारतात, त्याला ठामपणे नाही म्हणा. पत्र्याचा गंज थांबतो म्हणून कोकणात हे फार चालतं. पण डिझेल आणि जुनं इंजिन ऑइल रबराला फुगवतं आणि मऊ करतं. आपण नवे घातलेले बुश, बूट सगळे त्याने लवकर जातात. त्यापेक्षा पावसाळा संपला की खालून साध्या पाण्याने चिखल नीट काढून घ्या आणि रबरी बूट एकेक करून बघा. वर्षातून एवढं केलं तरी पुरे. रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. तुमची गाडी ७८ हजारच चालली असली तरी तिचं रबर २००५ सालचं असू शकतं.

आता भंगाराचा प्रश्न. माझ्या मते सस्पेन्शनमुळे ही गाडी भंगारात द्यायचं कारण एकच असू शकतं, आणि ते कुठल्याही सुट्या भागात नाही. लोअर आर्म आणि रॅक बॉडीला जिथे आवळले जातात त्या जागा, स्ट्रटचे घुमट आणि मागच्या स्प्रिंगा बसतात तो पत्रा. कोकणातला पाऊस, खारी हवा आणि वरून पुराचा गाळ, यामुळे पत्रा आतून सडलेला असू शकतो. गाडी वर घेतल्यावर मेकॅनिकला तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकायला आणि टोकाने टोचून बघायला सांगा. खणखणीत वाजलं तर निश्चिंत व्हा. दबका आवाज आला, पापुद्रे गळाले किंवा टोक आत गेलं, तर बाकीचा खर्च तिथेच थांबवा आणि आधी चांगल्या वेल्डिंगवाल्याला दाखवा. तो ‘इथे धरायला पत्राच नाही’ म्हणाला, तर वडिलांची समजूत घालायची वेळ आली. नाहीतर या गाडीचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं असलं तरी इतक्या गाड्या रस्त्यावर आल्या होत्या, की पुढच्या सस्पेन्शनचे भाग मिळत नाहीत म्हणून कुणी अडल्याचं मी पाहिलेलं नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर ५-५ वर्षांनी वाढवून मिळते, आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावीच लागते. तेव्हा हे काम आधी उरका, मग आरटीओचं बघा.

गॅरेजमध्ये कसं बोलायचं, हे तुम्ही विचारलंत. तुम्हाला भागांची नावं पाठ असायची गरज नाही. एकच वाक्य पुरतं: ‘कुठला भाग सैल आहे तो मला हलवून दाखवा, मी हात लावून बघते.’ जो मेकॅनिक आनंदाने दाखवतो त्याच्याकडे गाडी ठेवा. जो ‘तुम्हाला नाही कळणार’ म्हणतो, त्याच्याकडून चावी परत घ्या. आवाज ऐकूनच चार शॉकअप आणि रॅकची यादी देणारा मेकॅनिक फसवतच असेल असं नाही. बऱ्याचदा त्यालाही गाडी परत परत येण्याची भीती असते, म्हणून तो सगळंच बदलून मोकळा होतो. पण पैसे तुमचे जातात. काढलेले जुने भाग पिशवीत घालून मागा आणि बिलावर प्रत्येक भाग वेगळा लिहून घ्या. वडिलांनाही बरोबर न्या. या गाडीचा नवा असतानाचा आवाज ज्यांना माहीत आहे असे तेच एकटे आहेत, आणि दुरुस्तीनंतरच्या फेरीत ‘आता बरोबर आहे’ हे त्यांच्याइतकं कोणालाच सांगता येणार नाही.

काम झाल्यावर ५० किलोमीटरनंतर चाकांचे नट एकदा परत आवळून घ्या आणि ५०० किलोमीटरनंतर टायरवरून तळहात फिरवून बघा. त्यानंतरच कराड. आणि एवढं करूनही खडखड उरली, तर मला परत लिहा. पण तेव्हा ती किती वेगाला येते, डाव्या वळणावर की उजव्या, आणि पाय ब्रेकवर असताना बदलते का, हे तीन दिवस वहीत टिपून त्याच पत्रात पाठवा.